पट्टा सारखा पुसला जातोय? नवा थर मारण्याआधी हे तपासा

महामार्गावरचा पट्टा दिवसा पांढराशुभ्र दिसतो आणि रात्री गाडीच्या उजेडात सापडत नाही. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात त्याचे पोपडे निघतात. तक्रार येते, त्याच जागी पुन्हा पट्टा मारला जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच तक्रार. हे दुरुस्तीचं काम मी बरीच वर्षं करतोय. माझा अनुभव असा की मालाला बोल लावून आपण मोकळे होतो, पण दोष बहुतेक वेळा पट्ट्याच्या खाली असतो किंवा पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये. तो न शोधता नवा थर चढवला, तर जुना दोष नव्या थराखाली तसाच राहतो.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर साइटवरचे सुपरवायझर आणि देखभालीचं काम नव्याने हाती घेतलेले इंजिनिअर आहेत. बराचसा मजकूर थर्मोप्लास्टिकबद्दल, म्हणजे वितळवून गरमागरम टाकायच्या मालाबद्दल आहे. साध्या रंगाचं वेगळं काही असेल तिथे तसं सांगितलं आहे.

आधी लक्षणं नीट बघा

- दिवसा स्वच्छ पांढरा, रात्री काळा: प्रकाश परत फेकण्यासाठी पट्ट्यावर टाकलेले काचेचे बारीक मणी गेलेत, बुडालेत किंवा मुळात पडलेच नाहीत.
- दिवसाही करडा, पण ओल्या बोटाने घासलं की खालून पांढरा निघतो: घाण.
- मारल्या दिवसापासूनच पिवळट किंवा तपकिरी झाक: माल जास्त तापला.
- बोटाएवढे, तळहाताएवढे तुकडे सुटून येतात: पट्ट्याने रस्ता धरलेलाच नाही.
- पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं किंवा फोड: खाली ओल होती, नाहीतर प्रायमर (पट्टा धरून राहावा म्हणून आधी मारायचा लेप) पूर्ण वाळला नव्हता.
- पट्ट्यावर आडव्या भेगा: खालचा रस्ता तडकलाय, किंवा थरावर थर चढून पट्टा फार जाड झालाय.
- कोरड्या रात्री उत्तम, पावसात नाहीसा: मण्यांवर पाणी साचतंय.

आणखी एक नोंद करा, ती बरेच जण करत नाहीत. पट्टा नेमका कुठे गेलाय? सगळ्या लांबीवर एकसारखा गेला असेल, तर माल, तापमान किंवा मशीन यांकडे बघायचं. फक्त वळणाच्या आतल्या बाजूला, जोडरस्त्याच्या तोंडाशी किंवा सखल भागात गेला असेल, तर कारण त्या जागेत आहे. ही एक नोंद पुढच्या निम्म्या तपासण्या वाचवते.

पहिली तपासणी: बादलीभर पाणी आणि खराटा

दोनेक मीटर पट्टा धुऊन काढा, वाळू द्या आणि रात्री धुतलेला आणि न धुतलेला भाग शेजारी शेजारी बघा. फरक डोळ्यात भरला तर पट्टा शाबूत आहे. त्याला नवा थर नको, धुण्याची गरज आहे.

हे इतकं महत्त्वाचं का? रात्रीचं मोजमाप करताना गृहीत धरतात की चालक ३० मीटर पुढचा पट्टा बघतो, त्याचे डोळे रस्त्यापासून १.२ मीटर उंचीवर असतात आणि दिवे ०.६५ मीटरवर. म्हणजे प्रकाश पट्ट्यावर जेमतेम सव्वा अंशाच्या कोनात, जवळपास जमिनीला घासत येतो. अशा तिरक्या उजेडात मण्यांच्या माथ्यावरचा धुळीचा पातळ लेपही पुरेसा होतो. पायाशी वाकून बघताना जो पट्टा ठीक वाटतो, तोच ३० मीटरवरून दिसत नाही.

आता घाण येते कुठून तेही बघा. डोंगरातल्या एका वळणावरचा कडेचा पट्टा सलग तीन वर्षं पुन्हा मारला गेला होता, दर वेळी माल बदलून. तिथे एका संध्याकाळी पावसात नुसता उभा राहिलो. साइडपट्टीची माती वर्षानुवर्षं साचून रस्त्यापेक्षा दोन बोटं वर आली होती. रस्त्यावरचं पाणी बाहेर पडायला वाट नव्हती, ते नेमकं कडेच्या पट्ट्यावरून गढूळ होऊन वाहत होतं. वाळलं की मागे चिखलाची साय. दुसऱ्या दिवशी फावड्याने माती तासून बाहेरच्या बाजूला उतार दिला आणि पट्टा धुतला. नवा माल एक किलोही लागला नाही. तेव्हापासून सखल भागात किंवा वळणावर पट्टा गेला की मी आधी साइडपट्टी बघतो, पट्टा नंतर.

दुसरी: टॉर्च, पण डोळ्याशेजारी धरून

अंधार पडल्यावर टॉर्च कानशिलाला लावून धरा, थोडं खाली बसा आणि दूरच्या पट्ट्यावर उजेड टाका. कमरेजवळ धरलेल्या टॉर्चने काहीच कळत नाही. मण्यात शिरलेला प्रकाश मागच्या पांढऱ्या थरावर जाऊन, ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत फिरतो. म्हणून डोळा प्रकाशाच्या उगमाजवळच हवा.

दिवसा बघायचं असेल तर सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य पाठीशी घ्या आणि स्वतःच्या डोक्याची सावली जिथे पडते त्याच्या लगतचा पट्टा बघा. मणी असतील तर तिथे चमचम दिसते. सावलीबरोबर चालत राहिलात की कुठे मणी भरपूर, कुठे अजिबात नाहीत, कुठे फक्त एका बाजूला पडलेत, हे सगळं वाचता येतं. पट्ट्याच्या एकाच कडेला चमक असेल, तर मणी टाकणारं तोंड सरकलं होतं किंवा वारा आडवा होता. ठरावीक अंतराने पट्टे-पट्टे दिसत असतील, तर मणी ओलसर होऊन डब्यात अडकत होते.

मधल्या पट्ट्याची तपासणी दोन्ही दिशांनी करा. पट्टा ज्या दिशेने मारला त्या दिशेने आणि उलट दिशेने तो सारखाच उजळतो असं नाही.

तिसरी: भिंग

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग खिशात असू द्या. मणी अर्ध्याहून किंचित जास्त, म्हणजे ५० ते ६० टक्के बुडालेला असला पाहिजे. मला भिंगाखाली चारपैकी एक चित्र दिसतं.

मणी अर्धे वर, स्वच्छ, गोल: उत्तम. इथे दोष नाही, पुढे चला.

मणी जवळजवळ पूर्ण बुडालेले, वर फक्त टिकली: माल फार गरम होता, किंवा साध्या रंगात थर जाड पडला. अशा पट्ट्याला लगेच उखडायची घाई करू नका. वरचा थर वाहतुकीने झिजला की आतले मणी उघडे पडतात. थर्मोप्लास्टिकमध्ये मालातच मिसळलेले मणी असतात ते याचसाठी.

मण्यांच्या जागी नुसत्या वाट्या: मणी वरवर बसले होते आणि टायरांनी उचलले. माल थंड पडल्यावर मणी पडले, किंवा रंगाचा थर इतका पातळ होता की मण्याला धरायला काही उरलंच नाही. या वाट्यांमध्ये काजळी आणि रबर बसतं, म्हणून असा पट्टा दिवसाही लवकर करडा होतो.

सपाट, गुळगुळीत, एकही मणी नाही, वाटीही नाही: मणी पडलेच नाहीत. हे चित्र जितकं दुर्मीळ असायला हवं तितकं नाही, आणि मला याचा मनापासून त्रास होतो. कारण असा पट्टा दिवसाच्या पाहणीत पास होतो आणि रात्री कोणाच्या तरी डोळ्यांपुढून रस्त्याची कड नाहीशी होते.

चौथी: सुटलेला तुकडा उलटा करून बघा

माझ्या मते सगळ्यात बोलकी तपासणी ही. पोपडे निघत असतील तर एक तुकडा पातळ पटाशीने अलगद उचला आणि खालची बाजू उजेडाकडे धरा.

खाली डांबराचा काळा थर आणि खडीचे कण चिकटून आले असतील, तर पट्ट्याने रस्ता घट्ट धरला होता, रस्ताच सुटला. इथे पट्ट्याचा दोष नाही. जुनं, उन्हाने वाळून ठिसूळ झालेलं डांबर त्याच्यावरच्या पट्ट्यालाही सांभाळू शकत नाही.

खालची बाजू करडी, पिठासारखी, बोटाला धूळ लागणारी असेल, तर झाडलोट झाली नव्हती. वितळलेला माल धुळीला चिकटला, रस्त्याला नाही. नुसत्या झाडूने खडीच्या फटीतली धूळ निघत नाही, हवेचा झोत मारावा लागतो.

खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत असेल, तर माल किंवा रस्ता थंड होता. रस्त्याच्या पृष्ठभागाचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली असताना थर्मोप्लास्टिक टाकू नये. माल रस्त्यात मुरण्याआधीच गोठतो आणि नुसता वर बसून राहतो. काँक्रीटवर गुळगुळीत तुकडा निघाला तर दोन प्रश्न विचारा: प्रायमर मारला होता का, आणि नव्या काँक्रीटवर ओल टिकवण्यासाठी मारलेला क्युरिंगचा लेप खरवडून काढला होता का? तो लेप राहिला तर कोणताही माल तिथे टिकत नाही.

आणि खालची बाजू जाळीसारखी छिद्रांनी भरलेली असेल, तर खालून वाफ निघाली. पाऊस थांबून तास झाला, रस्ता वरून कोरडा दिसतोय, म्हणून काम सुरू केलं की हेच होतं. १८० ते २०० अंशांचा माल पडताच फटीतल्या पाण्याची वाफ होते आणि ती वर यायला वाट शोधते. प्रायमर ओला असेल तर त्यातलं द्रावणही असंच उकळून फोड आणतं.

तुकडा हातात आहेच, तर त्याची जाडीही व्हर्नियरने मोजा. थर्मोप्लास्टिकचा एक थर साधारण २ ते ३ मिलिमीटर असतो. कडेवर थरांच्या रेषा मोजता येतात, खोडाच्या वलयांसारख्या. तीन-चार थर साचून जाडी वाढलेली दिसली, तर त्यावर आणखी थर मारणं व्यर्थ आहे. जाड पट्टा थंडी-उन्हात रस्त्यापेक्षा वेगळा ताणला जातो, तडकतो, त्याच्या कडेला पाणी अडतं आणि तो सगळ्यात खालच्या, सगळ्यात कमकुवत थरापासून सुटतो. तिथे जुना पट्टा काढूनच काम करावं लागतं.

पाचवी: नोंदवही आणि बॉयलर

आतापर्यंत खर्च जवळपास शून्य आहे. आता ज्या दिवशी पट्टा मारला त्या दिवसाची नोंद शोधा: हवा, रस्त्याचं तापमान, मालाचं तापमान, किती वाजता काम सुरू झालं. नोंदच नसेल तर तेही एक निदान आहे.

तापमानाच्या नोंदी मात्र डोळस होऊन वाचा. नुसती दुरून रोखायची इन्फ्रारेड गन मालाच्या वरच्या सायीचं तापमान दाखवते, आतलं नाही. माल ढवळत असताना दांड्याचा तापमापक आत बुडवूनच मोजायला हवं. मर्यादा पोत्यावर छापलेली असते, तीच पाळा.

पिवळट पट्ट्याची तक्रार असेल तर एक थेट प्रश्न विचारा: आदल्या दिवशीचा उरलेला माल पुन्हा वितळवला होता का? वारंवार तापवलेल्या मालातला बाइंडर (कण बांधून ठेवणारा राळेसारखा घटक) करपतो, रंग बदलतो आणि पट्टा ठिसूळ होतो. अल्किड प्रकारचा माल याला जास्त हळवा, हायड्रोकार्बन प्रकारचा उष्णता जरा जास्त सोसतो. अल्किड तेल-ग्रीससमोर चांगला टिकतो, म्हणून दोन्ही प्रकार वापरात आहेत. पण माल वितळवायच्या एकाच बॉयलरमध्ये हे दोन्ही कधीच मिसळू नका. एकाचा माल संपला म्हणून साफ न करता दुसऱ्याची पोती ओतली, की माल गुठळ्या धरतो आणि पुढची सगळी लांबी खराब जाते.

सहावी: ओल आणि दव

नवा पट्टा मारण्याच्या सकाळी रस्त्यावर हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक अंथरा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि १५ ते २० मिनिटं थांबा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर काम पुढे ढकला. काँक्रीटवर ही चाचणी टाळूच नका. काँक्रीट आतून ओलं असताना वरून पूर्ण कोरडं दिसतं.

पहाटे काम असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव धरायला लागतं ते, बघा. रस्त्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं. पहाटेचं दव डोळ्यांना दिसत नाही, पण पट्ट्याला कळतं.

सातवी: दहा मीटरची चाचणी

कारण सापडलं असं वाटलं तरी सगळी लांबी धरू नका. बाजूला दहा मीटरचा तुकडा मारा आणि दोन गोष्टी मोजा.

जाडी: मशीनच्या वाटेत पातळ पत्रा ठेवा, त्यावरून पट्टा जाऊ द्या, थंड झाला की उचलून चार ठिकाणी मोजा. ओल्या पट्ट्यात काडी खुपसून अंदाज करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मणी: माल बंद ठेवून फक्त मणी सोडत, नेहमीच्या वेगाने ताडपत्रीवरून दहा मीटर मशीन चालवा आणि पडलेले मणी तोला. समजा ठरलेलं प्रमाण चौरस मीटरला ३५० ग्रॅम आणि पट्टा १५ सेंटिमीटर रुंद आहे. दहा मीटरचं क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर, म्हणजे ५२५ ग्रॅम भरले पाहिजेत. ३०० भरले तर रात्री पट्टा का दिसत नाही याचं उत्तर तराजूवर आहे. वजन बरोबर असूनही भिंगाखाली मणी नीट बसलेले नसतील, तर मणी आणि माल यांच्या पडण्यातलं अंतर किंवा मालाचं तापमान बदला.

साध्या रंगाचा ओला थर ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो ओला असतानाच फणीसारख्या दातेरी पट्टीने मोजता येतो. नव्या डांबरावर रंग मारण्याची घाई केली तर डांबरातलं तेल वर येऊन रंग तपकिरी करतं. डांबराला काही आठवडे सेट होऊ देणं हाच उपाय.

फक्त पावसात न दिसणारा पट्टा

ही तक्रार वेगळी धरा, कारण वरच्या सगळ्या तपासण्यांत पट्टा पास होतो. मण्यावर पाण्याचा थर चढला की प्रकाश मण्यात शिरण्याआधीच आरशासारखा पुढे निसटतो. नेहमीच्या मण्यांचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा) १.५ च्या आसपास असतो आणि पाण्याखाली ते जवळजवळ निकामी होतात. पुन्हा तसाच सपाट पट्टा मारून हे सुटत नाही. मोठे मणी, उंचवट्यांचा पट्टा किंवा पाण्याखालीही चमकणारे २.४ च्या आसपास अपवर्तनांकाचे घटक लागतात. त्याआधी रस्त्याला आडवा उतार आहे का ते मात्र बघा. पाणी साचतच असेल तर महागडा पट्टाही त्याखाली बुडणार.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डोळ्यांनी ठरत नसेल तर रिफ्लेक्टोमीटर, म्हणजे पट्टा किती प्रकाश परत फेकतो ते मोजणारं यंत्र, मागवा. हे मोजमाप मिलिकँडेला प्रति चौरस मीटर प्रति लक्स या एककात येतं. ईएन १४३६ या युरोपीय मानकात कोरड्या पट्ट्यासाठी १००, १५०, २००, ३०० असे चढते वर्ग आहेत. अमेरिकेने २०२२ साली नियम केला, त्यात ताशी ३५ मैल किंवा त्याहून अधिक वेगमर्यादेच्या रस्त्यांसाठी किमान ५० राखण्याची पद्धत बंधनकारक आहे आणि ७० मैल किंवा अधिकसाठी १०० ही शिफारस आहे. वाद बिलाचा किंवा हमीच्या मुदतीचा असेल, तर टॉर्च आणि भिंग पुरत नाही, आकडाच लागतो. लांब पट्ट्यासाठी गाडीवर बसवलेलं यंत्र आणणाऱ्यांना बोलवा, म्हणजे वाहतूक थांबवावी लागत नाही.

चालू वाहतुकीत, लेन बंद न करता, पट्ट्यापाशी बसू नका. खराट्याच्या तपासणीसाठीही नाही. शंकू, सूचनाफलक आणि इशारा देणारा माणूस यांची व्यवस्था होत नसेल तर तपासणी दुसऱ्या दिवशी करा.

बॉयलर आणि गॅसचं काम शिकलेल्या माणसाचंच. वितळलेला माल कातडीवर पडला तर चिकटून राहतो आणि जाळत जातो. तो ओढून काढायचा नाही. भाजलेला भाग बराच वेळ थंड पाण्याखाली धरायचा आणि दवाखाना गाठायचा. बॉयलरमध्ये पाणी कधीही पडता कामा नये, माल उसळून बाहेर येतो.

जुना पिवळा पट्टा घासून काढायचा असेल तर आधी नमुना प्रयोगशाळेत पाठवा. पूर्वीच्या पिवळ्या रंगांत लेड क्रोमेट वापरलं जात असे, आणि ती धूळ श्वासात जाणं घातक आहे.

तुकड्याखाली डांबर निघून येत असेल किंवा भेगा पट्ट्याच्या बाहेरही दूरवर जात असतील, तर तो रस्त्याच्या इंजिनिअरचा विषय आहे. पट्ट्याचं काम थांबवा.

आणि लेन सरकवायची असेल तर जुना पट्टा काळ्या रंगाने झाकू नका. पावसाळी रात्री काळा रंगही चमकतो आणि चालकाला दोन रस्ते दिसतात. घासून काढलं तरी रस्त्यावर ओरखड्याची खूण उरते आणि कमी उजेडात तीच पट्ट्यासारखी वाटते. पाण्याच्या जोरदार झोताने जुना पट्टा काढणाऱ्यांकडे हे काम द्या, आणि काम संपल्यावर पहिल्या पावसाळी रात्री गाडीतून स्वतः एक फेरी मारून बघा.